सासूबाईंची दाढ, नातवाचे दुधाचे दात: गाव आणि शहर, दोन्ही घरांसाठी दातांची निगा

माझं क्लिनिक बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे आणि शनिवार-रविवार मी पुण्यात धायरीच्या बाजूला बसते. दोन्हीकडे येणारी माणसं पुष्कळदा एकाच घरातली निघतात. गावात सासूबाई येतात. खालची दाढ गेले आठ महिने अधूनमधून ठणकत असते आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्या सांगून टाकतात, "मॅडम, काढूनच टाका, परत परत यायला जमायचं न्हाई." पुण्यात त्यांची सून येते, कडेवर तीन वर्षांचा मुलगा. त्याचे वरचे समोरचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी होऊन मोडायला लागलेले असतात.

गावाकडचे दात मुळातच दणकट, ही समजूत अजून ऐकू येते. आपल्या पणजीच्या पिढीपुरती ती बरीचशी खरी होती, कारण त्यांच्या तोंडात साखर सणावारीच जायची. आज वाडीवरच्या किराणा दुकानातही पाच रुपयांचे बिस्किटपुडे आणि चॉकलेटच्या बरण्या समोरच मांडलेल्या असतात. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांच्या ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. इतकी मुलं काही नुसती शहरातली नव्हेत.

गाव आणि शहर यांत खरा फरक पडतो तो माणूस खुर्चीत कधी येऊन बसतो याचा. शहरातली कीड निदान भरण्याच्या अवस्थेत सापडते. गावात ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचल्यावर, गालाला सूज आल्यावर येते, कारण मध्ये एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत यायला माणूस नसणं हे सगळं उभं असतं. मशेरी, खोल बोअरचं पाणी, ऊसतोडीचा हंगाम हे गावाचे आणखी प्रश्न. शहराचे प्रश्न वेगळे, आणि तिथे दवाखाना गल्लीच्या तोंडाशी असूनही ते होतात. ज्यांचं एक पाऊल गावात आणि एक शहरात आहे त्यांनी काय करावं, ते सांगते.

गावी गेलात की घरच्यांचं तोंड बघा

दिवाळीला, उन्हाळ्यात, जत्रेला आपण जातोच. त्यातली एक सकाळ यासाठी ठेवा. चहा-नाश्ता झाला की आईला, आबांना, चुलतीला ओट्यावर उजेडात बसवा. मोबाइलचा टॉर्च, एक चमचा, सुती कापडाचा स्वच्छ तुकडा एवढं पुरे. हात साबणाने धुवा. त्यांना खळखळून चूळ भरायला सांगा आणि कवळी असेल तर काढून ठेवायला सांगा.

आधी तोंड पूर्ण उघडायला लावा. त्यांचीच तीन बोटं, तर्जनी ते अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते बघा. दोनच जात असतील आणि माणूस सुपारी, मावा, गुटखा किंवा खर्रा खाणारा असेल, तर गालाचं आतलं अस्तर आखडत चाललेलं असण्याची शक्यता मोठी आहे. असा माणूस बहुतेक वेळा आधीच सांगत असतो की तिखट झोंबतं. आपण ते वयावर ढकलतो.

मग खालचा ओठ पुढे ओढा. मशेरी, तंबाखू जिथे धरतात ती ही खाच. तिथली कातडी पांढुरकी, सुरकुतलेली दिसेल. कापडाने हलकेच पुसा. पुसून गेलं तर अन्नाचा साका होता. न गेलेला पांढरा चट्टा डॉक्टरांना दाखवायचा. लाल, मखमली दिसणारा चट्टा असेल तर त्याहून लवकर दाखवायचा. चमचाच्या मागच्या बाजूने दोन्ही गाल बाजूला सारून मागच्या दाढेपर्यंत बघा. जीभ बाहेर काढायला सांगून कापडात धरा, डावीकडे-उजवीकडे वळवून कडा बघा, मग जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा बघा. जिभेची कड आणि जिभेखालची जागा लोक कधीच बघत नाहीत आणि नेमकी तिथली जखम लपून राहते. मोडक्या दाढेचा टोकदार कोपरा रोज जिभेला घासत असेल तर तेही इथेच दिसतं.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला टणक लागणारी गाठ, मानेत वाढलेला गोळा, कारण नसताना हलायला लागलेले दात, यातलं काहीही दिसलं तर "बघू पुढच्या खेपेला" म्हणू नका. दुखत नाही म्हणून काळजी नाही, असं इथे चालत नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे. आशाताईंना विचारा, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे घेऊन जा आणि ते पुढे पाठवतील तिथे तुमची सुट्टी संपायच्या आत जाऊन या.

हिरड्या आणि दात शेवटी. हिरडीवर बोटाने दाबल्यावर पू किंवा रक्त येतं का? तसं असेल आणि साखर तपासून वर्ष झालं असेल, तर साखरही तपासून घ्या. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांचा जंतुसंसर्ग साखरेला आवरू देत नाही. दाढेवर नुसती काळी रेघ दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. खड्डा पडलाय, अन्न अडकतं, गार पाण्याने सणक जाते, ही कीड आत गेल्याची लक्षणं. सणक गार पाण्यापुरतीच येऊन लगेच थांबत असेल तर दाढ भरून वाचते. रात्री आपोआप ठणका लागत असेल तर नस दुखावली आहे. एवढं नीट ऐकून, लिहून घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर निम्मी तपासणी घरीच झाली म्हणून समजा.

मशेरी

माझ्याकडच्या बायकांमध्ये हा विषय काढला की आधी शांतता पसरते आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागतात. तव्यावर तंबाखू काळपट होईस्तोवर भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा, सकाळी परसाकडे जाताना बोटाने दातांवर फिरवायचा. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दात दुखायचा थांबतो, ही दोन कारणं प्रत्येक जण देते. दोन्ही अनुभव खरे आहेत. निकोटीनने आतडी हलतात आणि हिरडी थोडा वेळ बधिर होते. म्हणूनच सकाळची एक बोट मशेरी दुपारी, संध्याकाळी, झोपताना अशी वाढत जाते, आणि बधिर हिरडीखाली दात मुळापासून उघडा पडत असतो.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि धूर नसलेला तंबाखू घेणारे २४.४ टक्के. देशभरात कोणत्याही रूपात तंबाखू घेणारे गावांत ३२.५ टक्के आणि शहरांत २१.२ टक्के होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावरच तयार होते. तिथे कुठलाही छापा पडत नाही.

सोडवायची कशी? ओरडून, डबी फेकून देऊन नाही. सून किंवा मुलगा असे ओरडले की आजी गोठ्यात जाऊन लावते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. आधी दिवसातून किती वेळा लावतात ते त्यांच्याच तोंडून मोजून घ्या. झोपतानाची पहिली बंद करा, कारण ती रात्रभर हिरडीवर बसते. मग दुपारची. सकाळची शेवटी, आणि तिच्या जागी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी, म्हणजे पोटाची तक्रार उरत नाही. हाताला सवय असते म्हणून भाजलेली बडीशेप किंवा ओवा जवळ ठेवा. सुपारी देऊ नका, ती तर स्वतःच घातक आहे. पूर्ण बंद केल्यावर पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. ते दिवस घरच्यांनी सांभाळून घ्यायचे. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. आजींना फोन लावता येत नसेल तर तुम्ही लावून द्या आणि त्यांना स्वतः बोलू द्या.

मशेरी सुटल्यावर दात "रिकामे" वाटतात, हिरडीतून थोडं रक्त येऊ लागतं. सोडल्यामुळे बिघडलं, असं वाटून बायका परत लावतात. त्याच आठवड्यात दात साफ करून घेतले तर हा टप्पा पार पडतो.

पाण्याचं विचारून घ्या

गावातल्या मुलांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग असतील, आणि एका घरातल्या नाही तर आळीतल्या बऱ्याच मुलांच्या, तर तो मळ नाही. राखुंडीने, विटकरीच्या भुकटीने घासून तो जाणार नाही, उलट दात झिजेल. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात हाडात घडत असतानाच हे डाग पडतात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत हा जुना प्रश्न आहे, आणि आमच्या बीडमध्येही आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, आमच्या बोअरचा फ्लोराइडचा अहवाल दाखवा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासायचे संच देऊन शिकवलेलं आहे. त्यात फ्लोराइडची चाचणी असते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उकळताना पाणी आटलं तर प्रमाण वाढतंच. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापुरतं तरी उथळ विहिरीचं पाणी तपासून, गाळून, उकळून किंवा आरओचं पाणी प्यायला-स्वयंपाकाला वापरा. डाग पडून गेलेल्या मोठ्या मुलांसाठी दात पांढरे दिसण्याचे उपाय आहेत, पण ते धाकट्या भावंडाचं पाणी बदलल्यानंतरचे.

ब्रश, पेस्ट आणि कडुनिंबाची काडी

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्यांना मी थांबवत नाही. टोक चावून मऊ कुंचला झाला पाहिजे, हिरडीवर आडवी घासायची नाही आणि दिवसातून एकदा तरी पेस्ट लागली पाहिजे, कारण काडीत फ्लोराइड नसतं. कोळसा, राख, वीटकर, मीठ-तेलाचं घासणं मात्र बंद. गालाकडच्या बाजूने दाताच्या मुळाशी पडलेली पाचरीसारखी खाच बघितली की सांगता येतं, हा माणूस वर्षानुवर्षं जोर लावून घासतोय. तीच खाच मला पुण्यात कडक ब्रशने पाच-पाच मिनिटं घासणाऱ्यांच्या तोंडात दिसते.

मऊ ब्रश घ्या. पेस्टच्या खोक्यावर बारीक अक्षरात फ्लोराइडचं प्रमाण छापलेलं असतं, १००० पीपीएमच्या आसपास हवं. बऱ्याच वनौषधी पेस्टमध्ये ते शून्य असतं, म्हणून जाहिरात न बघता खोकं वाचा. मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं आणि लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. ज्या गावच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे मूल पेस्ट गिळत नाही ना याकडे मोठ्यांनी उभं राहून लक्ष द्यायचं, आणि पेस्ट किती हे दंतवैद्याला विचारून घ्यायचं.

सकाळी घासायचं राहिलं तर एक वेळ चालेल, रात्रीचं चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि दाताला राखणारं कुणी उरत नाही. गावात रात्री दात घासणारं घर अजून विरळा. तिथे मी एकच युक्ती सांगते: ब्रश मोरीत ठेवू नका, जेवणाच्या जागेजवळ भिंतीला अडकवा. ताट उचललं की ब्रश हातात.

गावातून उपचार घ्यायचे तर वेळ आधी ठरवा

आमच्याकडे नेमकं इथेच सगळं अडतं.

दाढ काढायला एक खेप आणि काहीशे रुपये लागतात. नस साफ करून दाढ वाचवायला दोन-तीन खेपा, वर कॅप, आणि काही हजार रुपये. रोजंदारीच्या माणसाला हा हिशोब लगेच कळतो, म्हणून तो "काढूनच टाका" म्हणतो. मी त्याला दुसरा अर्धा हिशोब सांगते. खालची पहिली दाढ काढली की शेजारची दाढ त्या जागेत कलते, वरची दाढ खाली उतरते, त्या बाजूने भाकरी चावणं बंद होतं आणि सगळा भार दुसऱ्या बाजूवर पडतो. काही वर्षांत तिकडचीही जाते. पन्नाशीच्या आत दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या बायका भाकरी दुधात किंवा कालवणात कुस्करून खातात. शेंगदाणे, हरभरे, काकडी त्यांच्या ताटातून गेलेले असतात. हे ऐकल्यावर बरेच जण विचारतात, "मग खेपा कमी कशा करता येतील?" तेवढं विचारलं की काम होतं.

खेपा कमी करायच्या तर आठवडी बाजाराचा दिवस धरा. त्या दिवशी तालुक्याला यायचंच असतं. पहिल्याच खेपेला सांगा की मी अमुक गावाहून येतो, एका बसणीत जेवढं होईल तेवढं करा. एकाच बाजूच्या दोन दाढा एका वेळी भरता येतात. घरातल्या दोघांची वेळ एकत्र घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कोयता घेऊन निघायच्या तोंडावर, दसरा-दिवाळीच्या गडबडीत नसेचा उपचार सुरू करू नका. अर्धवट उघडलेली दाढ घेऊन कारखान्याच्या तळावर पाच महिने काढणं म्हणजे सूज आणि ताप ठरलेला, आणि तिथे पहाटे फडात उतरायचं असल्याने दवाखान्यात न्यायला कुणी मोकळं नसतं. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतलात की एप्रिल-मे महिन्यात दाखवा. पावसाळ्यापर्यंत सगळं पुरं होतं. निघायच्या आधी येणार असाल तर श्रावणात या. आणि पोरांना सोबत नेत असाल तर त्यांचे दात जायच्या आधी नक्की दाखवा.

सरकारी सोय विसरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुतेक ठिकाणी दंतवैद्य नसतो. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात विचारायचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. जाण्याआधी विचारून घ्या: दंतचिकित्सक कोणत्या दिवशी असतात, खुर्ची चालू आहे का, दाढ भरतात की फक्त काढतात. खेप वाया जाणार नाही. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते मुलांचे दातही बघतं. त्या दिवशी मूल शाळेत हजर असू द्या आणि त्यांनी लिहून दिलेला कागद दप्तरात हरवू देऊ नका.

लहान मुलाच्या किडलेल्या दातांसाठी सुई-मशीनशिवायचाही उपाय आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रव कीड लागलेल्या जागी लावलं की कीड बहुतेक वेळा थांबते. किडलेला भाग काळा पडतो, ते आईला आधी सांगावं लागतं. पुन्हा लावावंही लागतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दूरच्या वाडीवरच्या मुलासाठी मला हे फार मोलाचं वाटतं. तुमच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

दाढ काढावीच लागली तर परतीच्या प्रवासात काळजी घ्या. कापूस पाऊण तास दाबून धरायचा, एसटीच्या खिडकीतून थुंकत जायचं नाही, त्या दिवशी चूळ भरायची नाही, गरम चहा नाही. मशेरी-तंबाखू निदान आठवडाभर अजिबात नाही, नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गाठ सुटते आणि दाढेच्या दुखण्यापेक्षा वाईट दुखतं. रक्त पातळ करायची गोळी, साखरेची, हृदयाची औषधं चालू असतील तर पाकिटं सोबत आणा, स्वतःहून बंद करून येऊ नका. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, या भीतीने माणसं सूज घेऊन फिरतात; दाढेच्या नसेचा आणि नजरेचा काहीही संबंध नाही.

रात्री दाढ ठणकायला लागली तर

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, अडकलेलं अन्न काढा, डोकं उंच ठेवून झोपा. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, खड्ड्यात, बाहेर हिरडीला लागू न देता. पॅरासिटामॉल गिळायची असते. गोळी दाढेत किंवा गालात धरली तर आतली कातडी भाजते. कापूर, तपकीर, बाम काही भरू नका. मेडिकलवरून आणलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्यांनी ठणका थांबला तरी दाढ बरी झालेली नसते, पू आत तसाच असतो.

सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली, गिळायला त्रास होतोय, जीभ वर उचलली गेली, तोंड उघडत नाही, डोळा मिटायला लागला, ताप आहे: यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा. या सुजेने श्वास कोंडतो.

जत्रेत, बाजारात दातातला किडा काढणारे बसतात त्यांच्याकडे आईला जाऊ देऊ नका. भुईरिंगणीच्या बिया तापल्या लोखंडावर तेलात टाकतात, नळीने धूर दाढेवर घेतात आणि खाली पाण्याच्या वाटीत पांढरे तंतू पडलेले दाखवतात. ते तंतू बियांतले कोंब असतात, उष्णतेने फुटून बाहेर आलेले. हाच धूर नुसत्या पाण्यावर धरला तरी वाटीत "किडे" पडतात. माणसाच्या दाढेत किडा नसतो, जंतू असतात आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. रस्त्यावर शेजारच्या दाताला चिकटवून "फिक्स दात" बसवून देणारेही असेच. त्या प्लास्टिकखाली अन्न सडतं आणि चांगले दातही हलायला लागतात.

शहरातल्या घरात

शहरात बिघडतं ते सारखं-सारखं खाण्यामुळे. गोड तोंडात गेलं की जंतू आम्ल तयार करतात आणि दाताचा वरचा थर अर्धा-पाऊण तास विरघळत राहतो. मग लाळ तो हळूहळू भरून काढते. दिवसातून तीनदा खाणाऱ्याला भरून काढायला वेळ मिळतो. दर तासाला एक बिस्कीट, मग ज्यूसची नळी, मग चॉकलेट, असं चाललेल्या मुलाला तो कधीच मिळत नाही. म्हणून गोड बंदच करा असं मी म्हणत नाही. जेवणाबरोबर द्या आणि मधल्या वेळेत चणे, शेंगदाणे, काकडी, फळ, चीज द्या. लहान मुलाच्या घशात अडकणार नाही असं बघून.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या तीन वर्षांच्या मुलाचे दात रात्रीच्या बाटलीने गेले होते. आई-वडील दोघेही कामावरून उशिरा येतात, मूल लवकर झोपावं म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देतात. दूध पुढच्या दातांवर साचून राहतं. पहिल्या वाढदिवसानंतर बाटली पेल्यावर आणा, झोपताना तोंडात फक्त पाणी. सवय मोडायची तर दुधात पाणी रोज थोडं-थोडं वाढवत न्या. वरचा ओठ उचलून महिन्यातून एकदा बघा: हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ ही किडीची पहिली खूण, आणि ती या टप्प्यावर परतवता येते. आठवडाभर गावी आजीकडे ठेवत असाल तर बाटलीचं आजीलाही सांगा, नाहीतर तिथे मायेने मधात बुडवलेलं बोट तोंडात जातं.

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, काहीही न पडता, एक नवी दाढ येते. दुधाचीच आहे, पडेल, असं समजून गावात काय आणि शहरात काय, आईवडील तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती कायमची असते. आली की तिच्या खाचा भरणारं सीलंट लावून घ्या. गावाकडची भाचरं-पुतणी उन्हाळ्यात पुण्या-मुंबईला आली असतील तर त्यांचीही त्याच खेपेला लावा.

शहरात पैसे कमी असतील तर दंत महाविद्यालयांत जा. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे; नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. वेळ जास्त लागतो, रांग असते, पण विद्यार्थ्यांचं काम शिक्षक तपासतात आणि खर्च खासगीपेक्षा फारच कमी येतो. दात चकचकीत पांढरे करून घ्यायला आलेल्यांना मी आधी हिरड्या दाखवते; कोळशाची पेस्ट आणि घरचं लिंबू-सोडा दोन्ही दाताचा थर घालवतात.

आई पुण्याला दोन-तीन आठवड्यांसाठी आली की बहुतेक घरांत दवाखाना शेवटच्या दोन दिवसांत आठवतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दाखवा. कवळीचं माप, दुरुस्ती, टोचणारी कड घासून देणं याला चार-पाच खेपा लागतात आणि टोचतंय कुठे हे जेवल्यावरच कळतं. नवी कवळी घालून तिने इथेच भाकरी, भाजी, शेंगा खाऊन बघू दे. रात्री काढून पाण्यात ठेवायची, मऊ ब्रशने साबण लावून धुवायची, उकळत्या पाण्यात टाकायची नाही, हे तिला हातात धरून करून दाखवा. एक्स-रे, चिठ्ठी आणि कॅपच्या पावतीचे फोटो तिच्याही मोबाइलमध्ये आणि गावातल्या भावाच्याही मोबाइलमध्ये पाठवून ठेवा. पुढच्या वेळी दाढ गावात दुखेल, आणि तिथल्या डॉक्टरांना ते लागतील.